इराकवरील स्वारी कशासाठी? : डाव्या कारणमीमांसेचा एक विचार

युद्ध संपले म्हणजे जयापजयाचा हिशेब तात्काळ होतो. ते का झाले याचा हिशेब मात्र वर्षानुवर्षे उधारीवर राहतो. सन २००३ च्या मार्चच्या २० तारखेस अमेरिका व ब्रिटन यांच्या फौजा इराकमध्ये शिरल्या. एप्रिलच्या ९ तारखेस बगदाद पडले आणि तेथील फिर्दोस चौकातील सद्दाम हुसेनचा पुतळा खाली ओढण्यात आला. १ मे रोजी अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी एका विमानवाहू नौकेवर उभे राहून मोठ्या लढाया संपल्याचे जाहीर केले. वस्तुतः खरा रक्तपात त्यानंतरच व्हावयाचा होता. अत्यंत सावधपणे केलेल्या मोजणीनेही पुढील वर्षांत एक लाखाहून अधिक इराकी नागरिक प्राणास मुकले; २०११ च्या अखेरीपर्यंत अमेरिकेचे सुमारे साडेचार हजार सैनिक कामास आले.

ही स्वारी ज्या कारणासाठी केली म्हणून जगाला सांगण्यात आले, ते कारण टिकले नाही. सद्दामपाशी संहारक अस्त्रांचे साठे आहेत असे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी ५ फेब्रुवारी २००३ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीपुढे सांगितले होते. बगदाद पडल्यावर अमेरिकेनेच नेमलेल्या शोधपथकाने सारा देश धुंडाळला आणि २००४ साली असे साठे नव्हते, असा निर्वाळा दिला. ब्रिटनने नेमलेल्या चिलकॉट समितीचा अहवाल ६ जुलै २०१६ रोजी प्रसिद्ध झाला. शांततेचे सर्व मार्ग खुंटण्यापूर्वीच युद्धाचा मार्ग धरला गेला, असा त्याचा निष्कर्ष आहे.

सांगितलेले कारण खोटे ठरले, तर खरे कारण कोणते? या प्रश्नाला डाव्या चळवळीचे उत्तर आधीच तयार होते. १५ फेब्रुवारी २००३ रोजी जगातील शेकडो शहरांतून लक्षावधी माणसे रस्त्यावर आली. ‘तेलासाठी रक्त नको’ ही घोषणा त्यांच्या फलकांवर ठिकठिकाणी होती. घोषणा म्हणून ती उत्तम होती. परंतु घोषणा आणि मीमांसा यांत अंतर असते. मिरवणूक पांगल्यावर डाव्या विचारवंतांमध्येच या उत्तराविषयी वाद सुरू झाला, आणि तो दोन दशकांनंतरही मिटलेला नाही. त्या वादाची वाचकांस ओळख करून द्यावी आणि त्यातून हाती काय लागते ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमची सहानुभूती कोठे आहे हे आम्ही लपवू इच्छीत नाही. ही स्वारी अन्यायाची होती असे आमचे मत आहे. तथापि एखादी गोष्ट अन्यायाची होती एवढे ठरल्याने ती कशासाठी झाली हे आपोआप ठरत नाही. वैद्याला रोग्याविषयी कळवळा वाटतो म्हणून त्याचे निदान बरोबर असेलच असे नाही. आणि निदान चुकले की औषधही चुकते.

‘तेलासाठी’ म्हणजे नेमके काय?

वादातील पुष्कळसा गोंधळ ‘तेलासाठी’ या एका शब्दाने केला आहे. त्या शब्दाचे किमान तीन अर्थ होतात. ते वेगळे केल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

पहिला अर्थ असा की, अमेरिकेला तेलाची तहान लागली होती व ते मिळविण्यासाठी तिने इराक घेतला. सर्वसामान्य माणसाच्या मनात हाच अर्थ असतो. पण तपासून पाहता तोच सर्वांत दुबळा ठरतो. इराकवर ऑगस्ट १९९० पासून निर्बंध होते हे खरे. परंतु १९९६ च्या अखेरीपासून संयुक्त राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली, अन्न व औषधे यांच्या बदल्यात, इराकी तेल उघडपणे विकले जात होते. त्याच्या मोठ्या गिऱ्हाइकांत खुद्द अमेरिका होती. २००१ साली ती इराककडून दररोज सुमारे आठ लक्ष पिंपे तेल घेत होती. जे तेल बाजारभावाने घरपोच येत होते, त्यासाठी लाखावर फौज पाठविण्याचे कारण नव्हते. शिवाय अमेरिकेच्या एकंदर तेल-आयातीत इराणी आखाताचा वाटा त्या काळी पाचव्या हिश्श्याच्या आसपासच होता.

दुसरा अर्थ असा की, तेलाच्या धंद्यातील कंपन्यांना नफा व्हावा म्हणून युद्ध झाले. यात अधिक तथ्य आहे. पण त्यासाठी थोडा पूर्वेतिहास पाहावा लागेल. १९२८ साली इंग्रज, डच, फ्रेंच व अमेरिकन कंपन्यांनी आपसांत एक करार केला आणि नकाशावर तांबडी रेघ ओढून पूर्वीच्या तुर्की साम्राज्याचा बहुतेक तेलप्रदेश आपल्या सामाईक मक्तेदारीखाली आणला. इराकचे तेल ‘इराक पेट्रोलियम कंपनी’च्या हाती गेले. या कंपन्यांना इराकचे तेल काढण्याची फारशी घाई नव्हती. बाजारात तेल फार आले की भाव पडतो, म्हणून तेथील पुष्कळसा प्रदेश त्यांनी नुसता अडवून ठेवला. १९६१ साली अब्दुल करीम कासिम याच्या राजवटीने ऐंशी क्रमांकाचा कायदा करून, ज्या प्रदेशात प्रत्यक्ष उत्पादन होत नव्हते तो सारा परत घेतला. तो भाग मूळ सवलतीच्या नव्याण्णव टक्क्यांहून अधिक भरला! पुढे १ जून १९७२ रोजी त्या कंपनीचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि इंग्रज-अमेरिकन कंपन्या इराकच्या बाहेर पडल्या.

त्यानंतर तीस वर्षांनी स्थिती अशी होती : इराकच्या भूमीत सुमारे ११५ अब्ज पिंपे तेल असल्याचे सिद्ध झाले होते, आणि हा साठा सौदी अरबस्तानच्या खालोखाल गणला जात होता. १९९७ साली सद्दामने एका मोठ्या क्षेत्राचा करार रशियाच्या लुकॉइल कंपनीशी केला, दुसऱ्याचा चीनच्या सरकारी कंपनीशी केला. फ्रेंच कंपनीशी बोलणी चालू होती. निर्बंध उठले असते तर पंगतीत पहिली पाने याच मंडळींची मांडली गेली असती. इंग्रज-अमेरिकन कंपन्या दाराबाहेर उभ्या राहिल्या असत्या.

मग बगदाद पडल्यावर काय झाले? अमेरिकन प्रशासक पॉल ब्रेमर यांनी सप्टेंबर २००३ मध्ये एकोणचाळीस क्रमांकाचा हुकूम काढला आणि इराकमधील उद्योगधंदे परकी भांडवलास शंभर टक्के मालकीने खुले केले. पण भूगर्भातील तेल त्यातून वगळले होते. तेलाचा वेगळा कायदा पुढे यावयाचा होता. त्याचा मसुदा फेब्रुवारी २००७ मध्ये इराकी मंत्रिमंडळाने मान्य केला. परकी कंपन्यांशी दीर्घ मुदतीचे करार करण्यास त्यात वाव होता. आणि येथेच गाडे अडले. बसऱ्याच्या तेलकामगारांच्या संघटनेने त्याला कडवा विरोध केला, जून २००७ मध्ये संप केला, संपवाल्यांना लष्कराने वेढले तरी त्यांनी माघार घेतली नाही. लोकसभेतही पाठिंबा जमेना. पुढील अनेक वर्षे तो कायदा संमत होऊ शकला नाही.

शेवटी २००९ साली इराकी सरकारने तेलक्षेत्रांचा जाहीर लिलाव केला. मालकी सरकारची, आणि कंपन्यांना वाढीव उत्पादनावर पिंपामागे ठरावीक मजुरी, अशा अटी होत्या. रुमैला या सर्वांत मोठ्या क्षेत्रासाठी अमेरिकेच्या एक्सॉनने पिंपामागे ४ डॉलर ८० सेंट मागितले. सरकार २ डॉलरच्या वर जाईना, तेव्हा एक्सॉन उठून गेली, आणि ब्रिटिश पेट्रोलियम व चिनी सरकारी कंपनी यांनी मिळून त्या दराने काम पत्करले. एक्सॉनला दुसरे एक क्षेत्र मिळाले. पण २०२४ च्या आरंभी तिने तेथूनही अंग काढून घेतले व प्रमुख मक्तेदाराची जागा एका चिनी कंपनीकडे गेली.

या लिलावाकडे बोट दाखवून उजवे टीकाकार विचारतात : पाहा, तेलासाठी युद्ध केले म्हणता, मग तेल चीनला कसे मिळाले? हा आक्षेप दिसतो तितका प्रबळ नाही. फळ मिळाले नाही यावरून ते मिळविण्याची इच्छा नव्हती असे सिद्ध होत नाही. चोराच्या हाती काही लागले नाही म्हणून तो घरात भजनाला आला होता असे कोणी म्हणत नाही. हेतू आणि परिणाम यांच्या मध्ये माणसे उभी असतात. येथे बसऱ्याचे कामगार उभे होते. परंतु हाच न्याय डाव्यांनीही स्वतःस लावून घ्यावयास हवा. लाभ झाला नाही म्हणून हेतू नव्हता असे म्हणता येत नसेल, तर लाभ झाला म्हणून हेतू होताच असेही म्हणता येणार नाही. हॅलिबर्टन कंपनीच्या शाखेला इराकमध्ये अब्जावधी डॉलरचे मक्ते मिळाले, आणि उपाध्यक्ष डिक चेनी हे १९९५ ते २००० या काळात त्याच कंपनीचे प्रमुख होते. हे लांच्छनास्पद आहे यात शंका नाही. पण तेवढ्यावरून त्या मक्त्यांसाठीच युद्ध झाले असे सिद्ध होत नाही.

नफ्याच्या बाजूने आणखी एक सूक्ष्म युक्तिवाद शिमशॉन बिचलर व जोनाथन नित्झान या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी मांडला आहे. त्यांच्या मते तेलकंपन्यांना नवे तेल हवे असते यापेक्षा चढा भाव हवा असतो, आणि आखातातील अशांततेने भाव चढतो. २००३ साली पिंपामागे ३० डॉलरच्या आसपास असलेला भाव जुलै २००८ मध्ये १४७ डॉलरवर पोहोचला हे खरे. तथापि त्या भाववाढीत चीनची वाढती मागणी व सट्टेबाजी यांचाही वाटा होता, तेव्हा सारे श्रेय एकट्या युद्धास देता येत नाही.

नळाची चावी

तिसरा अर्थ अधिक विचारार्ह आहे. त्याचे सर्वांत स्पष्ट विवेचन भूगोलवेत्ते डेव्हिड हार्वे यांनी स्वारीच्या तोंडावर ऑक्सफर्ड येथे दिलेल्या व्याख्यानांत केले. ती त्याच वर्षी ‘नवी साम्राज्यशाही’ या अर्थाच्या नावाने ग्रंथरूपाने आली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. अमेरिकेला आखाताचे तेल स्वतः पिण्यासाठी नको आहे. जगाच्या तेलाच्या नळाची चावी तिला आपल्या हाती हवी आहे. जपानचे चार-पंचमांशाहून अधिक तेल आखातातून येते. चीन १९९३ पासून तेल आयात करणारा देश झाला आणि त्याची गरज वर्षागणिक वाढत गेली. युरोपही परावलंबी आहे. ज्याच्या हाती ही चावी, त्याच्याशी हे तिघेही जपून बोलणार.

या मताची एक कसोटी काळानेच घेतली आहे. खडकातील तेल काढण्याच्या नव्या तंत्रामुळे २०१८ साली अमेरिका जगातील सर्वांत मोठा तेल-उत्पादक देश बनली. पहिला अर्थ खरा असता, म्हणजे प्रश्न केवळ तहानेचा असता, तर तिने आखातातील आपले आरमारी ठाणे तेव्हाच मोडले असते. ते मोडले नाही. चावीचा सिद्धांत या कसोटीस उतरतो, तहानेचा उतरत नाही.

हार्वे यांचा दुसरा मुद्दा असा की, साम्राज्यशाहीत दोन तर्क एकमेकांत गुंतलेले असतात. एक राज्यसत्तेचा, दुसरा भांडवलाचा. राज्यसत्ता प्रदेश, ठाणी, दबदबा या भाषेत विचार करते. भांडवल नफा, बाजार, गुंतवणूक या भाषेत. बहुधा दोघे हातात हात घालून जातात, पण नेहमीच नव्हे. इराकमध्ये राज्यसत्ता पुढे धावली आणि भांडवल मागे राहून विचारात पडले, असे दिसते.

याच्या शेजारी डॉलरचा सिद्धांत ठेवावा. इराकने नोव्हेंबर २००० पासून आपल्या तेलाची किंमत युरोत घ्यावयास आरंभ केला आणि स्वारीनंतर ती पुन्हा डॉलरमध्ये घेतली जाऊ लागली, ही वस्तुस्थिती आहे. यावरून डॉलरचे आसन वाचविण्यासाठीच युद्ध झाले असे काहींनी प्रतिपादिले. पण येथे कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडल्यासारखे वाटते. डॉलरचे वर्चस्व एका निर्बंधग्रस्त देशाच्या विक्रीवर उभे नव्हते. ते अमेरिकेच्या रोखेबाजाराच्या विस्तारावर आणि जगाने तेथे ठेवलेल्या ठेवींवर उभे होते. सहायक कारण म्हणून हा मुद्दा फार तर विचारात घ्यावा. मुख्य कारण म्हणून तो पेलत नाही.

जुना वाद, नवे वादी

हा सारा वाद एका जुन्या वादाची पुढची फेरी आहे. १९०२ साली इंग्रज अर्थशास्त्रज्ञ हॉब्सन याने, दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्ध ताजे असताना, साम्राज्यशाहीवर ग्रंथ लिहिला. त्याचा सिद्धांत असा की, साम्राज्य हा राष्ट्राला आतबट्ट्याचा व्यवहार असतो, पण राष्ट्रातील काही वर्गांना तो फायद्याचा असतो. खर्च सर्वांच्या माथी व नफा थोड्यांच्या खिशात. लेनिनने १९१६ साली यावर पुढचा मजला चढविला : मक्तेदार भांडवल जगाची वाटणी करते आणि फेरवाटणीसाठी राष्ट्रांना युद्धात ढकलते. याच्या उलट कार्ल कौट्स्कीने १९१४ साली अशी शक्यता मांडली होती की, बडी भांडवलशाही राष्ट्रे आपसांत न लढता एकजुटीने जगाचे शोषण करू लागतील.

इराकच्या संदर्भात हे तिघेही पुन्हा बोलू लागले. मायकेल हार्ट व आंतोनियो नेग्री यांनी २००० सालीच असे प्रतिपादिले होते की, राष्ट्राराष्ट्रांच्या साम्राज्यशाहीचा काळ सरला असून आता केंद्र नसलेले एक जागतिक साम्राज्य उदयास आले आहे. कौट्स्कीचाच सूर येथे नव्या पट्टीत लागला होता. फ्रान्स, जर्मनी व रशिया यांच्या विरोधास न जुमानता एका राष्ट्राने आपल्या फौजा पाठविल्या, तेव्हा या मताला मोठाच धक्का बसला. लेनिनवाद्यांना वाटले, आपण जिंकलो. पण त्यांचीही अडचण होतीच, कारण बडी राष्ट्रे एकमेकांवर शस्त्र घेऊन धावली नाहीत. त्यांनी विरोध केला, मतभेद नोंदविले, आणि व्यापार चालू ठेवला.

एलन मेक्सिन्स वुड या विदुषीने या कोंडीतून वेगळी वाट काढली. आजचे भांडवल देश जिंकून न घेताही बाजाराच्या नियमांनी जगावर राज्य करते. परंतु ते नियम पाळले जावेत म्हणून जागोजाग राष्ट्रांची सरकारे लागतात. इतक्या सरकारांवर एकाच वेळी पहारा ठेवणे कोणालाच शक्य नसते. म्हणून अधूनमधून बळाचे प्रदर्शन करून सर्वांना जरब बसवावी लागते. गावगुंड रोज सर्वांना मारीत नाही. चौकात एकाला मारतो व बाकीचे समजतात. नोम चोम्स्की यांनीही यासारखेच निरीक्षण केले आहे : असे सावज निवडले जाते की, जे जवळजवळ निराधार आहे, ज्याला महत्त्व आहे, आणि ज्याला दुष्टपणाचा अवतार म्हणून रंगविता येते. बारा वर्षांच्या निर्बंधांनी खंगलेला इराक या तिन्ही अटी पुऱ्या करीत होता. ज्या अस्त्रांच्या भीतीने स्वारी केली म्हणतात, ती अस्त्रे खरोखर असती तर स्वारी करण्यापूर्वी दहा वेळा विचार झाला असता.

माती, कुंभार आणि चाक

या सर्व मतांपैकी खरे कोणते? आमच्या मते प्रश्न विचारण्याची ही रीतच सुधारावयास हवी. आपल्याकडील दर्शनकारांनी कारणांचे प्रकार सांगताना घटाचे उदाहरण घेतले आहे. माती हे घटाचे उपादान कारण. कुंभार हे निमित्त कारण. चाक व दंड ही साधने. माती आहे म्हणून घट आपोआप होत नाही, आणि कुंभार कितीही कुशल असला तरी मातीवाचून त्याचे काही चालत नाही. डाव्यांच्या वादात एक पक्ष माती दाखवितो, दुसरा कुंभार दाखवितो, आणि दोघेही एकमेकांस खोटे ठरवितात.

आखाताचे तेल आणि त्यावरील जगाचे अवलंबित्व ही माती. पण ही माती १९९१ सालीही होती. त्या वर्षी कुवेत मुक्त केल्यावर थोरल्या बुश यांच्या फौजेपुढे बगदादचा रस्ता जवळजवळ मोकळा होता. तरी २८ फेब्रुवारीस त्यांनी लढाई थांबविली आणि सद्दाम गादीवर राहिला. तेल तेच, भांडवलशाही तीच, शत्रूही तोच. मग १९९१ साली जे केले नाही ते २००३ साली का केले? केवळ तेलाचे नाव घेणाऱ्या मीमांसेस या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

उत्तरासाठी मधल्या बारा वर्षांत काय बदलले ते पाहावे. १९९१ च्या अखेरीस सोव्हिएट संघ कोसळला आणि अमेरिकेच्या चाकाला रोखणारा हात उरला नाही. निर्बंध सैल पडत चालले, आणि सद्दाम रशिया, फ्रान्स व चीन यांच्या मदतीने पुन्हा उभा राहणार असे दिसू लागले. म्हणजे स्वस्थ बसण्याचीही किंमत वाढली. जानेवारी १९९८ मध्ये अमेरिकेतील एका कडव्या गटाने अध्यक्ष क्लिंटन यांस सद्दामला पदच्युत करण्याविषयी पत्र लिहिले; सह्या करणारांत डोनाल्ड रम्सफेल्ड व पॉल वुल्फोविट्झ हे होते. तीन वर्षांनी पहिले गृहस्थ संरक्षणमंत्री झाले व दुसरे त्यांचे उपमंत्री. कुंभार चाकाशी येऊन बसला. आणि ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याने, इराकचा त्या हल्ल्याशी काडीचा संबंध नसताना, अमेरिकन जनतेचा कौल मिळवून दिला. स्वतः वुल्फोविट्झ यांनी २००३ सालीच एका मुलाखतीत सांगितले की, संहारक अस्त्रांचे कारण पुढे केले गेले ते त्यावर सरकारातील सर्वांचे एकमत होऊ शकले म्हणून. यावरून कारणे अनेक होती, व निमित्त त्यांतून निवडलेले होते, हे उघड होते.

म्हणून आमचा निष्कर्ष असा. नळाची चावी हाती ठेवण्याची गरज ही माती. एकमेव महासत्तेचे अनिर्बंध लष्करी बळ हे चाक. बुश सरकारातील तो गट हा कुंभार. आणि संहारक अस्त्रे हे घटावर चढविलेले रंगकाम. मातीकडे दुर्लक्ष केले तर सारा दोष चार दुष्ट माणसांवर ढकलून आपण मोकळे होतो. ती माणसे गेली तरी २०११ च्या अखेरीस परतलेले अमेरिकन सैन्य २०१४ साली पुन्हा इराकमध्ये का आले हे मग समजत नाही. कुंभाराकडे दुर्लक्ष केले तर युद्ध हे विधिलिखित ठरते, आणि जे विधिलिखित आहे त्याच्या विरुद्ध मोर्चा काढण्यात अर्थ उरत नाही.

ज्यांची भूमी त्यांची बाजू

या वादात आणखी एक पक्ष आहे, आणि त्याला उत्तर दिल्यावाचून डाव्यांची सुटका नाही. ख्रिस्टोफर हिचन्स यांच्यासारखे काही जुने डावे या युद्धाच्या बाजूने उभे राहिले. मुळच्या बगदादच्या कनान मकिया यांनी तर १९८९ साली, टोपणनावाने, सद्दामच्या दहशतराज्यावर ग्रंथ लिहिला होता. त्यांचा प्रश्न साधा होता : हुकूमशहाला जर जनता स्वतः उलथू शकत नसेल, तर बाहेरून आलेली मदत नाकारण्याचा तुम्हास काय अधिकार? हा प्रश्न टवाळीने उडवून देण्याजोगा नाही. १६ मार्च १९८८ रोजी हलब्जा येथे विषारी वायूने सुमारे पाच हजार कुर्द मारले गेले. बाथ पक्षाने १९६३ साली कम्युनिस्टांचे शिरकाण केले व १९७८-७९ मध्ये पुन्हा त्यांचा छळ आरंभिला. साम्राज्यशाहीला विरोध करण्याच्या भरात हे ज्यांच्या जिभेवर आले नाही, त्यांची मीमांसा अर्धवट राहिली असेच म्हणावे लागेल.

परंतु युद्धाच्या कैवाऱ्यांनीही दोन गोष्टींचे उत्तर द्यावयास हवे. डिसेंबर १९८३ मध्ये बगदादला जाऊन सद्दामची भेट घेणारे अमेरिकेचे दूत हेच रम्सफेल्ड होते, आणि हलब्जाच्या वेळी अमेरिकेची मदत इराककडेच वाहत होती. दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. ब्रेमर यांनी सद्दामचा पक्ष बरखास्त केला, सैन्य मोडले, आयात-निर्यातीचे व मालकीचे नियम बदलले. मात्र सरकारी कारखान्यांतील कामगारांना संघटना करण्याची बंदी घालणारा सद्दामचा १९८७ चा कायदा तेवढा राखून ठेवला. हुकूमशहाचे सर्व काही टाकाऊ ठरले. कामगारांच्या पायातील बेडी मात्र उपयोगी ठरली. मुक्तीचा अर्थ कोणासाठी काय होता, हे यावरून कळून येते. बसऱ्याच्या ज्या तेलकामगारांनी पुढे नव्या तेल-कायद्याची वाट अडविली, त्यांची संघटना कायद्याच्या दृष्टीने बेकायदाच होती.

इराकी कम्युनिस्ट पक्षाने स्वारीला विरोध केला होता. तरी जुलै २००३ मध्ये अमेरिकेने नेमलेल्या शासकीय मंडळात तो सामील झाला. लंडन-न्यूयॉर्कच्या डाव्यांनी त्यावर कडक टीका केली. दुरून कारणे शोधणे आणि त्या कारणांच्या परिणामात दिवस काढणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, एवढे भान त्या टीकेत असावयास हवे होते.

आपला संबंध

हा दूरदेशीचा वाद आपणास कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर इतिहासातील आहे. नोव्हेंबर १९१४ मध्ये मुंबईहून निघालेली हिंदी फौज शत-अल्-अरबच्या मुखाशी उतरली व त्याच महिन्यात तिने बसरा घेतले. तिचे नावच सहावी पुणे डिव्हिजन होते, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. त्या वेळीही कारणांची अशीच मिसळ होती : ब्रिटिश सरकारने ज्या कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग १९१४ सालीच विकत घेतले होते, तिच्या अबादान येथील तेल-कारखान्याचे रक्षण, तुर्कांवरील वचक, हिंदुस्थान सरकारची इभ्रत. पुढे बगदादच्या मोहात ती फौज आत ओढली गेली, आणि कुट-अल्-अमारा येथील वेढ्यात उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली. कैदेत हजारो मेली. मार्च १९१७ मध्ये बगदादेत शिरलेल्या जनरल मॉडने, आम्ही जेते म्हणून नव्हे तर मुक्तिदाते म्हणून आलो आहोत, अशा अर्थाचा जाहीरनामा काढला. शहाऐंशी वर्षांनी त्याच शहरात तेच आश्वासन पुन्हा ऐकू आले.

२००३ साली आपल्यापुढेही प्रश्न आला. ८ एप्रिल रोजी लोकसभेने स्वारीविरुद्ध एकमताने ठराव केला. त्याच्या हिंदी पाठात ‘निंदा’ हा शब्द पडला आणि इंग्रजी पाठात त्याहून सौम्य शब्द. त्यानंतर अमेरिकेने भारताकडे सैन्य मागितले. एक डिव्हिजनभर सैन्य पाठविण्याविषयी दिल्लीत गंभीरपणे विचार झाला. मोठमोठ्या मंडळींनी राष्ट्रहिताचे, पुनर्रचनेच्या मक्त्यांचे व महासत्तेच्या मैत्रीचे दाखले दिले. डावे पक्ष व इतर विरोधक यांनी कडाडून विरोध केला, लोकमतही अनुकूल नव्हते, आणि १४ जुलै २००३ रोजी सरकारने संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्पष्ट आदेशावाचून सैन्य पाठविण्यास नकार दिला.

१९१४ साली बसऱ्याला जाणाऱ्या शिपायाला, तू कशासाठी चालला आहेस, हे कोणी सांगितले नाही व त्याने विचारले असते तरी त्याला उत्तर मिळाले नसते. २००३ साली हा प्रश्न उघडपणे विचारला गेला, सभांतून, वर्तमानपत्रांतून व संसदेतून त्याची चर्चा झाली, आणि म्हणून त्या वर्षी आपली माणसे तेथे मेली नाहीत. युद्धाच्या कारणांची चिकित्सा ही युद्ध संपल्यानंतर विद्वानांनी करावयाची गोष्ट आहे असा एक समज आहे. तिची खरी वेळ त्याच्या आधीची आहे, जेव्हा सैन्य अजून बंदरात असते.